शब्दांचा वशिला

जुलै लागला, शहापूर-मुरबाडच्या डोंगरांवर पाऊस कोसळू लागला आणि भातसा धरणाची पातळी १४२ मीटरच्या जवळ सरकू लागली, की भातसानगरपासून सापगावपर्यंतच्या मोबाइलांवर दरवर्षीचाच निरोप फिरू लागतो: धरण भरत आले आहे, दरवाजे केव्हाही उघडतील, नदीकाठच्या आणि शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या सापगाव पुलाजवळच्या ग्रामस्थांनी सावध राहावे. आता समजा, हा निरोप पुढे धाडणाऱ्या एखाद्या सद्गृहस्थाच्या एका हातात छत्री आहे, दुसऱ्या हातात फोन आहे आणि टाइप करायला तिसरा हात नाही. तो माइकच्या खुणेवर अंगठा ठेवतो आणि सांगतो, 'भातसा भरला, पाच दरवाजे उघडले, सापगावकरांनी सावध राहावे.' फोन लिहितो, 'भाचा भरला, पाच दरवाजे उघडले, साप गावकऱ्यांनी सावध राहावे.' निरोप जातो. उत्तरे येऊ लागतात. 'कुणाचा भाचा?' 'काय खाल्लं त्यानं एवढं?' 'पाच दरवाजे म्हणजे घर मोठं दिसतंय.' 'साप कुठे निघाला, फोटो टाका.' एक ज्येष्ठ सभासद फक्त जोडलेले हात पाठवतात, कारण ते वाढदिवसापासून बाराव्यापर्यंत सगळ्यालाच जोडलेले हात पाठवतात. पाणी मात्र कुणाच्याही उत्तराची वाट न पाहता पुलाकडे निघालेले असते.

अशा वेळी फोनला बहिरा ठरवून सगळे मोकळे होतात. हा आरोप साफ खोटा आहे. फोनला ऐकू उत्तम येते. 'भाचा' हा शब्द जरा मोठ्याने म्हणून पाहा. त्यातला च चहातला नाही, चमच्यातला आहे. जीभ दातांमागे टेकते आणि 'त्स' असा आवाज निघतो. आता 'भातसा' हा शब्द, छत्री उलटी होत असताना माणूस म्हणेल तितक्या घाईने म्हणा. या दोहोंतला फरक केवळ कानाने दाखवणाऱ्यास शंभर रुपये बक्षीस. (प्रस्तुत लेखकाने हे जाहीर केले, कारण ते द्यावे लागणार नाहीत याची त्याला खात्री आहे, एरवी तो बक्षिसे जाहीर करणाऱ्यांपैकी नव्हे.) दोन वेगळ्या उच्चारांना एकच च देऊन मराठी लेखनाने जी काटकसर केली, तिचे बिल आज फोनच्या नावावर फाटते आहे. तर आवाज एक आणि उमेदवार दोन, अशी परिस्थिती आहे. अशा वेळी यंत्र काय करते? आपल्याकडचे कुठलेही कार्यालय जे करते तेच. दोघांपैकी ओळखीचा कोण, एवढे पाहते. भाचा घरोघरी असतो. लग्नपत्रिकेत असतो, मालिकेत असतो, मामाच्या सुट्टीत असतो, आणि राजकारणाच्या बातमीतही पुतण्याच्या मागे दोन पावलांवर उभा असतो. भातसा लिहिला जातो तो पावसाळ्यापुरता, बहुधा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या तक्त्यात. यंत्राने आजवर वाचलेल्या-ऐकलेल्या ढिगाऱ्यात भाचा हजारदा भेटलेला आणि भातसा चुकून एकदा. मग खुर्ची कुणाला मिळणार? या तंत्राला मराठीत उच्चार-ओळख म्हणता येईल, आणि त्यातला वजनदार शब्द दुसरा आहे. ओळख असली की काम होते. नसली की उद्या या.

आणि जिथे कामे ओळखीने होतात तिथे वशिला हा आलाच. बोलून लिहिण्याच्या यंत्रांत तो अधिकृतपणे, मेन्यूत जागा देऊन ठेवलेला आहे. त्याला शब्दकोश, शब्दसंग्रह, शब्दांची यादी अशी सोवळी नावे आहेत, पण काम एकच: 'हा आपला माणूस आहे, आला तर आत घ्या.' फोनवर या सोयीचे नाव 'वैयक्तिक शब्दकोश' असे असते, आणि खरा विनोद या 'वैयक्तिक'मध्ये आहे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांची उपयुक्त क्षमता सगळी मिळून १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. तीत एकट्या भातशाचा वाटा ७ लाख १७ हजार ३७ दशलक्ष लिटर, म्हणजे निम्म्याला टेकलेला. मलबार हिलपासून मानखुर्दपर्यंत निम्मी मुंबई ज्याच्या जिवावर दात घासते, त्याचे नाव फोनमध्ये लिहायचे तर ते आपली खासगी बाब म्हणून, घरातल्या मांजराच्या आणि धाकट्या मेव्हण्याच्या लाडक्या नावाशेजारी नोंदवावे लागते. 'धरण उशाशी, कोरड घशाशी' असे शहापूर तालुक्याबद्दल म्हणतातच. त्यात आता 'नाव शब्दकोशाशी' एवढी भर घालायला हरकत नाही. बरे, वैयक्तिक शब्दकोशात नाव घातले म्हणजे काम झाले असेही नाही. तो बरेचदा बोटांनी टाइप करतानाच कामाला येतो. बोलून लिहिताना यंत्र त्याच्याकडे ढुंकून पाहीलच याची शाश्वती नाही. एका टेबलावर दिलेला अर्ज दुसऱ्या टेबलाला दिसत नाही, ही कार्यसंस्कृती तंत्रज्ञांनी कुठून उचलली ते सांगायला नको.

आता धरून चालू, की यंत्र चांगले आहे, टेबले एकमेकांशी बोलतात आणि यादीत घातलेला शब्द ऐकला जातो. मग पुढची अडचण मराठीची स्वतःची आहे. ज्या लोकांनी ही यादीची कल्पना काढली त्यांच्या भाषेत शब्द एकटा राहतो. फार तर मागे एक एस लावून दुकटा होतो. मराठी शब्द एकत्र कुटुंबातला. 'भातसा' यादीत घातला आणि पहिलेच वाक्य सांगितले, 'भातशाला पाणी आले.' यंत्राने लिहिले, 'भात शाळेला पाणी आले.' यात यंत्राचे काय चुकले? त्याच्याशी ओळख करून दिली ती भातशाची नव्हे, भातसाची. भात आणि शाळा यांचा संबंध तर शालेय पोषण आहारामुळे जगजाहीर आहे. तेव्हा भातसा नोंदवायचा म्हणजे भातशाचा, भातशाची, भातशाचे, भातशाच्या, भातशात, भातशातून, भातशातला, भातशावर, भातशावरून, भातशापर्यंत, भातशाकाठचा असा सगळा गोतावळा नोंदवायला हवा. लग्नाच्या आमंत्रणासारखेच आहे हे: नुसते नाव लिहून भागत नाही, 'सहकुटुंब सहपरिवार' लिहावे लागते, आणि तसे लिहूनही एखादी चुलत विभक्ती रुसून बसतेच. सरकारी निरोपांत नेहमी 'भातसा धरणाच्या' असे का लिहितात, ते आता ध्यानात येईल. नाव वाकवायचे नाही, वाकायचे ते धरणाने. शासकीय भाषेला आपण उगाच ताठर म्हणतो. तो ताठा या बाबतीत दूरदृष्टीचा निघाला.

गावांची नावे तर याहून बेरकी आहेत, कारण त्यांतली अर्धी मुळात दुसरे काहीतरी शब्द आहेत आणि गावाचे सोंग घेऊन बसली आहेत. मुरबाडजवळ सरळगाव आहे. 'सरळगावला जा' असे सांगितले की ते गावाचे नाव आहे की वाट विचारणाऱ्याला दिलेले उत्तर, हे स्वर्गातल्या पाणिनीलाही ठरवता येणार नाही. कसारा लोकलच्या वाटेवर आटगाव आहे. यंत्राला आकडे दिसले की ते अंकांत लिहायची हौस असते, त्यामुळे 'आटगावचे प्रवासी' हे '८ गावचे प्रवासी' व्हायला एका क्षणाची फुरसत पुरते, आणि मग उरलेली सात गावे कोणती यावर डब्यात चर्चा. डोळखांब ऐकून यंत्राने कुणाच्या डोळ्यात खांब घातला, टोकावड्यातून वडा बाहेर काढला, माहुलीची बाहुली केली आणि कसाऱ्याचा पसारा मांडला, तर त्याला दोष कसा द्यावा? भातशाचे पाणी मुंबईसाठी जिथून उचलतात त्या पिसे बंधाऱ्याचे त्याने 'पैसे बंधारा' केले, तर ती चूक आहे की टिप्पणी, हेही निश्चित सांगता येत नाही. अशा नावांची यादी करायला बसणारा माणूस पहिल्या दिवशी दहा गावे घालतो, दुसऱ्या दिवशी पाच, आणि तिसऱ्या दिवशी यंत्राने तालुक्याचे नावही आपल्या मनाने लिहिले की यादी सोडून चहाला जातो. शहापूर तालुक्यात दोनशेहून अधिक गावे आहेत. पाड्यांची गोष्ट काढूच नका.

मग चिवट माणसे वशिल्याचे वजन वाढवतात. व्यवसायासाठी विकल्या जाणाऱ्या काही सेवांत हे वजन आकड्यांत देता येते. यादीतल्या शब्दाला साधारण शून्य ते वीस या दरम्यान जोर लावायचा. जितका आकडा मोठा तितका शब्दाचा दबदबा मोठा. आपल्याकडच्या वशिल्यात एवढी पारदर्शकता अजून आलेली नाही. 'साहेबांचा माणूस आहे' एवढेच कळते, किती अंशांनी आहे ते कळत नाही. तर समजा, भातसानगरच्या वसाहतीतल्या कुणी चिडून भातशाला वीसपैकी वीस दिले. त्या दिवसापासून धरण बिनचूक लिहिले जाऊ लागले. आणि त्याच दिवसापासून तालुक्यातला एकही भाचा शिल्लक राहिला नाही. 'माझा भातसा दहावीला पास झाला.' 'मोठा भातसा पुण्याला नोकरीला आहे, मुली सुचवा.' 'ताईंचा भातसा फार लाजाळू आहे.' ही अतिशयोक्ती असली तरी तिच्या बुडाशी असलेला नियम खरा आहे, आणि ही सेवा विकणारेही तो लिहून ठेवतात: जोर वाढवला की जिथे शब्द बोललाच नाही तिथेही तो उमटू लागतो. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. शेताची रुंदी कुणाची वाढत नसते. एकाचा बांध पुढे सरकला म्हणजे दुसऱ्याचा कोरला गेला. शब्दांच्या शेजारातही तेच आहे. भातशाचा सातबारा मोठा करताना तो वावभर जमीन भाच्याच्याच वाट्यातून घेतो, आणि भाचा बिचारा तक्रार तरी कुठे करणार? त्याचे नावच आता लिहिले जात नाही.

याच्या उलट टोकाची सोयही आहे. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये इंग्रजीसाठी जी बोलून लिहिण्याची व्यवस्था होती, तिच्या शब्दकोशात नवा शब्द घाला आणि जुना बदला या दोन पर्यायांच्या जोडीला तिसरा असे: अमुक शब्द कधीही लिहिला जाऊ नये. हे सरळ वाळीत टाकणे झाले. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला, पण त्याचे संरक्षण व्यक्तींना आहे, शब्दांना नाही. आणि या व्यवस्थेची एक जाहीर परीक्षा कशी झाली, तेही सांगून टाकू. जुलै २००६ मध्ये विंडोज व्हिस्टाच्या प्रात्यक्षिकात सादर करणाऱ्याने भर सभेत आईला पत्र सांगायला घेतले. पडद्यावर आईच्या जागी 'आंट' उमटली. ती खोडायला त्याने ज्या आज्ञा दिल्या त्याही यंत्राने मजकूर समजून इमानेइतबारे लिहून काढल्या आणि सभा हसत राहिली. माय मरो पण मावशी जगो, ही म्हण सॉफ्टवेअरला कुणी शिकवली ते कळत नाही. (ती मावशी होती की आत्या की काकू, हे इंग्रजीत कळायला मार्ग नाही. मराठी यंत्राला एवढ्यावर सुटता आले नसते.)

इथे शुद्धतेचे पुरस्कर्ते घसा खाकरतात. त्यांचे म्हणणे असे, की माणसे नीट बोलत नाहीत म्हणून यंत्र नीट लिहीत नाही. स्वच्छ, सावकाश, प्रमाण मराठीत बोला, वशिल्याची गरजच पडणार नाही. यातला 'सावकाश' आधी घेऊ. फोनला कळले नाही की माणूस प्रथम मोठ्याने बोलतो, जणू तो थकलेल्या आजोबांशी बोलतो आहे. मग तुकडे पाडून बोलतो, जणू तो परदेशी पाहुण्याशी बोलतो आहे. 'भात... सा.' यंत्राने यावर 'भात खा' असे लिहिले तर ते त्याच्या परीने पाहुणचारच करते आहे. शब्दाशब्दाला थांबून बोलण्याची सक्ती घरगुती संगणकावर १९९७ पर्यंत होती. त्या वर्षी 'ड्रॅगन' या कार्यक्रमासारखी उत्पादने आली आणि सलग बोलणे लिहिले जाऊ लागले. तेव्हापासूनची यंत्रे सलग बोलण्यावरच पोसलेली आहेत. त्यांच्यासमोर तुकडे पाडणे म्हणजे पुरणपोळीचे सारण आणि पोळी वेगवेगळी वाढून पाहुण्याला ओळखायला लावणे. आता 'प्रमाण' घेऊ. या टापूत कितीतरी घरांत पाणी हे पानी आहे, गाडी ही गारी आहे आणि घोडा हा घोरा आहे. ज्यांच्या शेतांवरून आज धरणाचे पाणी उभे आहे त्यांनी त्या पाण्याचा ण कसा म्हणावा, हे त्यांना शिकवायला निघणाऱ्याने आधी मुंबईचा नळ दोन दिवस बंद ठेवून पाहावा. काही कार्यक्रमांत बोलायचे रूप वेगळे आणि लिहायचे वेगळे असे नोंदवता येते, म्हणजे 'पानी' ऐकले तरी 'पाणी' लिहायचे. छान. पण मग कुणी 'आठपानी अहवाल' सांगितला की तो 'आठ पाणी अहवाल' होतो आणि पाटबंधाऱ्याच्या कचेरीत तो तसाच मंजूरही होऊ शकतो. 'घोरा' म्हटले की 'घोडा' लिहायचे ठरवले, तर दमून आलेल्या पाहुण्याला पाठवलेला 'तुम्ही खुशाल घोरा' हा प्रेमळ निरोप 'तुम्ही खुशाल घोडा' होऊन पोचतो. पाहुणा पुन्हा येत नाही, आणि का आला नाही तेही कळवत नाही.

दुसरा आक्षेप शासननिष्ठांचा: प्रत्येकाने आपापली यादी कशाला करावी? सरकारने एकदा अधिकृत यादी करावी आणि सर्व यंत्रांत भरावी. यादीने भाषा हलवण्याचा आपला अनुभव जुना आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश झाला, दप्तरातल्या शेकडो फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. त्याहून मोठा वशिला शब्दांना कुठे मिळणार? त्यातले काही रुजले. तरीही तहसीलदार आजही जमीन महसुलाचा अर्ज दप्तरातच दाखल करून घेतात. पुढे संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर पदनाम कोश निघाला आणि आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हणून टाकले. अधिकृत यादी उपयोगाची नसते असे नव्हे, पण शब्द ओळखीचा होतो तो तोंडांत खेळून, शासन निर्णयात बसून नव्हे. आणि खरोखर अशी यादी करायची ठरलीच, तर ती करण्यासाठी समिती नेमावी लागेल, समितीचा मसुदा कुणीतरी तोंडी सांगेल, आणि तो लिहून घेणारे यंत्र समितीचे काय करील ते त्या मसुद्यातच दिसेल.

तिसरा आक्षेप आशावाद्यांचा, आणि तो सर्वांत गोड आहे. यंत्र शिकते आहे, ते म्हणतात, थोडा धीर धरा. शिकते आहे हे खरे. आयबीएमने १९६२ मध्ये दाखवलेले शूबॉक्स नावाचे यंत्र सोळा शब्द ओळखत असे, आणि ते अंक व बेरीज-वजाबाकीचे होते. म्हणजे वाण्याची वही लिहिता आली असती, उधारीवरून झालेले भांडण नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठीत बोलून लिहायची सोय दिली तेव्हापासून मराठी माणूस फोनशी बोलू लागला. त्याआधी तो फोनवर बोलत असे. २०२२ मध्ये ओपनएआयने व्हिस्पर नावाचे यंत्र बाहेर काढले, ते ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकलेले. रात्रंदिवस ऐकत बसले तरी माणसाला सत्याहत्तर वर्षे लागतील, इतके ते ऐकणे. आणि त्यात मराठी बोलणे ऐकून मराठीतच उतरवलेला भाग किती? तासाभराचाही नाही. आपल्याकडे तासाभरात सत्कार समारंभातल्या प्रमुख पाहुण्यांचा परिचयही संपत नाही. २०११ च्या जनगणनेत ज्या भाषेचे बोलणारे ८ कोटी ३० लाख भरले, तिची यंत्राला ओळख करून दिली ती जिन्यात भेटून. या यंत्रालाही वशिल्याची चिठ्ठी देता येते. काम सुरू करण्यापूर्वी चार नावे लिहून द्यायची, ती ते ध्यानात ठेवते. पण चिठ्ठी लहान हवी. लांबली तर यंत्र फक्त शेवटचे २२४ तुकडे पाहते, आधीचे सोडून देते. आणि देवनागरीचा एकेक शब्द त्याच्या दृष्टीने अनेक तुकड्यांचा असतो. तालुक्याची गावे ओळीने लिहून दिली, तर शेवटच्या काहींची वर्णी लागते आणि पहिली बाहेर बाकावर बसून राहतात. आधी आलेल्याला आधी, हा नियम इथेही पाळला जात नाही. आशावादी यावर म्हणतात, की पुढचे यंत्र आणखी जास्त मराठी ऐकेल. ऐकेलही. पण ते जास्त मराठी कुठले असेल? ज्यांचे बोलणे आधीच नोंदले जाते त्यांचेच. वाढत्या ऐकण्यात भाचाही वाढतोच की. मालिका काही बंद होणार नाहीत.

चौथा आक्षेप जरा वजनदार आहे. माणूस काय कमी चुकतो? ज्या मराठी मुलखात १७७३ साली 'धरावे'चे 'मारावे' झाल्याची कथा सांगितली जाते, त्याने यंत्राला कोणत्या तोंडाने हसावे? आक्षेप मान्य. पण त्या कथेतही ध चा मा करायला कुणाला तरी हेतू लागला, शाई लागली, आणि अडीचशे वर्षे बदनामी सोसावी लागली. फोन हेच काम निष्पाप मनाने, फुकट, दिवसाला दहादा करतो. शिवाय लिहून घेणाऱ्या माणसापाशी एक हत्यार असते जे कुठल्याही शब्दकोशात विकत मिळत नाही. ते म्हणजे 'आं?' साहेबांनी भातसा म्हटले आणि कारकुनाला भाचा ऐकू आले, तर तो मान वर करून म्हणतो, 'आं? कोण भरला, साहेब?' साहेब चिडतात, पुन्हा सांगतात, काम होते. यंत्र कधी 'आं?' म्हणत नाही. त्याला न समजण्याची लाज वाटते, म्हणून ते समजल्यासारखे लिहिते. (या स्वभावाची माणसेही असतात, त्यांना बढत्या लवकर मिळतात.) आणि दुसरा फरक यापेक्षाही मोठा. माणसाची चूक चुकीसारखी दिसते. कारकुनाने 'भातस' लिहिले, काना राहिला, तर वाचणाऱ्याला कळते की काहीतरी हुकले आहे. यंत्राची चूक न्हाऊन-माखून, शुद्धलेखनाचे सगळे नियम पाळून, कपाळाला टिळा लावून येते. भाचा हा शब्द भातसा या शब्दाइतकाच निर्दोष आहे. दोष फक्त एवढाच, की तो तिथे यायचा नव्हता.

भाच्यावर निदान हसता तरी येते. हसू न येणारी चूक अशी: धरणातून सोडलेले पाणी मोजायची दोन मापे आहेत. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, पुरे १,००० लिटर. दोघांत फरक पस्तीसपटीचा, आणि उच्चारात एका अक्षराचा. बातम्यांत क्युसेक रोजचा, क्युमेक अभियंत्यांच्या नोंदवहीतला. आता एखाद्या अभियंत्याने क्युमेकमधला आकडा तोंडी सांगितला आणि यंत्राने ओळखीच्या क्युसेकला पुढे केले, तर वाक्य शुद्ध, आकडा बरोबर, माप तेही खरेखुरे, आणि नदी पस्तीस भागांतला एक भाग उरलेली. यावर कुणी 'कुणाचा भाचा?' असे विचारणार नाही. सगळे जोडलेले हात पाठवतील आणि झोपतील. म्हणजे ज्या चुकीची यंत्राला आणि आपल्याला सारखीच ओळख नाही, ती दोघांच्याही हातून सुखरूप निसटते. पातळीचेही तसेच. भातशाची पूर्ण पातळी १४२.०७ मीटर; ती तोंडी सांगताना 'एकशे बेचाळीस'मधला बेचाळीस जरा तुटला की 'बे चाळीस' होतो, आणि पाढ्यांत वाढलेला कुठलाही मराठी कान त्यापुढे 'ऐंशी' ऐकायला थांबतो. म्हणून आकडा तरी बोटांनी लिहावा. बोटांच्याही चुका होतात, पण बोटांच्या चुका बेंगरूळ असतात आणि म्हणून पटकन पकडल्या जातात.

तेव्हा ज्यांना आपल्या फोनमध्ये भातसा घालायचा आहे त्यांनी तो जरूर घालावा. सहकुटुंब घालावा, जोर बेताचा लावावा आणि भाच्याला घराबाहेर काढू नये. सापगावच्या पुलाजवळ राहणाऱ्यांना मात्र वेगळे सांगणे आहे. येत्या पावसाळ्यात रात्री-अपरात्री 'भाचा भरला, पाच दरवाजे उघडले, साप गावकऱ्यांनी सावध राहावे' असा निरोप आला, तर भाचा कुणाचा आणि साप कुठला हे विचारत बसू नका. आधी गोठ्यातली गुरे सोडा.